मागच्या चाकाची दाढ

आमच्या सोसायटीत दुचाकी कुठे लावायची आणि चारचाकी कुठे, याचा निर्णय सोसायटी झाली त्याच दिवशी झाला. पण चार चाकं असलेली, तरीही घोड्यावर बसल्यासारखी टांग टाकून बसायची आणि मोटारसायकलसारखं हँडल धरून चालवायची गाडी कुठे लावायची, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. या गाडीला एटीव्ही म्हणतात. कंपनीने मला अमेरिकेत पाठवलं तेव्हा मी ती पहिल्यांदा पाहिली, आणि पुढे आमच्याच टीममधला एक जण कायमचा टेक्सासला निघाला तेव्हा त्याची मी घेतली. घेतल्यावर कळलं की ती रस्त्यावर चालवता येत नाही. आरटीओतल्या साहेबांनी तिचा फोटो आडवाउभा करून पाहिला आणि विचारलं, "हे नक्की काय आहे?" मी म्हटलं, "सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारं वाहन." ते म्हणाले, "मग जमिनीवर चालवा. रस्ता आमचा आहे."

सोसायटीचे सेक्रेटरी तात्याराव याहून समजूतदार निघाले. पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग स्वतःचंच करतात. ते म्हणाले, "चाकं मोजली तर चारचाकी, बैठक पाहिली तर दुचाकी. आपण असं करा, निम्मी इकडे लावा आणि निम्मी तिकडे." तेव्हापासून माझी गाडी पार्किंगच्या दोन विभागांमधल्या पांढऱ्या पट्ट्यावर उभी असते आणि दोन्ही बाजूंचे लोक तिच्यावर हक्काने पिशव्या ठेवतात.

या गाडीचा जन्म सार्थकी लावला तो माझ्या बायकोने. पूर्वा दातांची डॉक्टर आहे. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावर तिचा दवाखाना आहे, आणि महिन्यातून एका रविवारी ती खडकवासल्याच्या पलीकडे, डोंगरावरच्या एका वस्तीत जाऊन लोकांचे दात तपासते. गेल्या पावसाळ्यात तिथे दरड कोसळली आणि जीपचा रस्ता खाली गेला. तेव्हा पूर्वाने खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझं ते खेळणं चढेल का रे वर?" टेम्पोत घालून आम्ही ते खेळणं डांबरी रस्ता संपतो तिथवर नेलं, आणि खरोखरच ते दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, पूर्वाची सगळी यंत्रं पाठीवर घेऊन वर चढलं. त्या दिवसापासून घरात तिला 'आपली गाडी' म्हणू लागले. माझी मान इतकी ताठ झाली की आईने शेकायला विटेचा तुकडा काढला.

त्या वस्तीत भैरू आबा राहतात. गोष्ट सांगावी तर भैरू आबांनी, असं त्या बाजूला सगळे म्हणायचे. बारसं असो, बैलाची खरेदी असो, आबा बोलायला लागले की लोक हातातलं काम टाकून बसायचे. मग एकेक करून आबांचे दात गेले आणि दातांबरोबर आबांचं बोलणंही गेलं. अगदी नाइलाज झाला तर ते खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडापुढे धरून दोन शब्द बोलत. अशात त्यांच्या नातीचं, दीपमालाचं, लग्न ठरलं. आबांनी जाहीर केलं की आपण मांडवात येणार नाही, गोठ्यात बसणार, कारण पाव्हणे हसतील. दीपमालाचे वडील ती लहान असतानाच गेले, तिला वाढवलं आबांनी. ती पोरगी बस बदलत बदलत आमच्याकडे आली आणि दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीवर बसून म्हणाली, "मॅडम, आबा मांडवात नसले तर मी पाया कुणाच्या पडू?"

पूर्वा कधी कुणाला शब्द देत नाही. दाढ दुखणार नाही ना, असं विचारलं तरी ती 'बघू' म्हणते. पण दीपमालाला ती म्हणाली, "आबा मांडवात असतील." माझ्या मते गोष्टीतली सगळी गडबड या वाक्यापासून सुरू होते.

आबांच्या तोंडाचं माप घेऊन झालं, कवळी तयार झाली. आता कवळी ही काही कुरिअरने पाठवायची वस्तू नाही. ती माणसाच्या तोंडात बसवून, कुठे टोचते, कुठे उचलते ते पाहून घासावी लागते. आबांच्या कमरेचं दुखणं जुनं, ते डोंगर उतरू शकत नाहीत. म्हणजे लग्नाच्या दिवशी सकाळी आम्हीच वर जायचं असं ठरलं. आणि त्याच्या आधीच्या फेरीत, परत उतरताना, आपली गाडी मागून गुरगुरायला लागली.

सुरुवातीला ते गुरगुरणं पोट बिघडलेल्या माणसासारखं होतं, आपण ऐकलं नाही असं दाखवता येईल इतपत. वेग वाढवला की वाढायचं, कमी केला की कमी व्हायचं. मग मागचं चाक डुलायला लागलं. उतारावर ब्रेक मारला तर मागे कर्रकन काहीतरी घासलं, गाडी तिरकी झाली, पूर्वाने तोल सावरायला पाय खाली टेकला आणि तो मुरगळला. एका बाजूला दरी होती. बाकीचा उतार मी गाडी ढकलत आणि माफी मागत उतरलो. घरी आल्यावर पूर्वाच्या घोट्याला क्रेप बँडेज बांधलं गेलं. आता तिला डोंगर पायी चढणं शक्य नव्हतं आणि गाडीत बसून चढणं धोक्याचं होतं. लग्न पुढच्या रविवारी होतं.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. बिघाड शोधणं हाच माझा धंदा आहे, असं मी पूर्वाला सांगितलं. पहिल्यांदा मी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. फरक पडला नाही. मग मी इंटरनेटवर वाचलं आणि साखळीला तेल घातलं, टायरची हवा कमी केली, टायरची हवा वाढवली, ब्रेक उघडून साफ केला आणि एक वॉशर उरला. संध्याकाळी पार्किंगमध्ये माझ्याभोवती बऱ्यापैकी गर्दी जमायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नंदाताई मूळच्या अकोल्याच्या. त्यांनी गाडीला दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्या ओवाळत असताना आवाज खरंच थांबला होता, पण इंजिन बंद होतं. तात्याराव मदत करत नव्हते. ते फक्त रोज येऊन पाहत आणि म्हणत, "आपण संगणकवाले ना? मग एखादं बटण राहिलं असेल दाबायचं." दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली: 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास मनाई आहे. केल्यास ती यशस्वी करावी.'

मी आतून फार दुखावलो. गुरुवारी संध्याकाळी पायरीवर बसून घाम पुसत होतो, तेवढ्यात लिफ्टमधून पूर्वा लंगडत बाहेर आली. हातात दवाखान्यातलं गोल, चाकांचं स्टूल होतं. ती गाडीच्या मागच्या चाकाशी स्टूल सरकवून बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाक वर उचलून दे मला."

गाडी वर उचलायला जॅक हवा. तो तात्यारावांकडे होता. तात्यारावांकडे सगळंच आहे, लाकडी फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून तिच्यावर ते टांगलेलं आहे, पण ते हत्यार कुणाला देत नाहीत. "हत्यार जाणार नाही," ते म्हणाले, "हत्याराबरोबर मी येईन." आले. मागची चाकं अधांतरी झाली, पुढच्या चाकांना विटा लागल्या.

पूर्वाने एक पंजा चाकाच्या वर ठेवला, एक खाली, आणि हळूच मागेपुढे केलं. पेशंटची हलणारी दाढ दोन बोटांत धरून ती जशी पाहते, अगदी तसं. मी म्हटलं, "हलतंय. ते मलाही दिसतंय."

"दात हलतो हे पेशंटलाही कळतं," ती म्हणाली. "दात एकटा हलतोय की हिरडीसकट, ते बघायचं असतं. तात्याराव, टॉर्च." तात्यारावांनी टॉर्च धरला. "चाकाचा मोठा नट सैल असता तर नुसतं चाक हललं असतं आणि आतला दांडा जागच्या जागी राहिला असता. इथे दांडाच चाकाबरोबर खालीवर होतोय. म्हणजे तो ज्याच्यात फिरतो ते गेलंय. काय म्हणतात त्याला?"

"बेअरिंग," तात्याराव म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग तिने चाक सावकाश फिरवायला सांगितलं आणि जिथे दांडा मधल्या नळीत शिरतो तिथे तीन बोटं टेकवून डोळे मिटले. "खरखर लागते बोटांना. आणि उजवीकडे जास्त आहे." तिने बोटं वर धरली. त्यांना तांबूस, चिखलासारखं वंगण लागलं होतं. "ग्रीसमध्ये पाणी गेलंय, गंज धरलाय. साखळी दर फेरीला एकदा ताठ आणि एकदा ढिली होत होती, ते यामुळेच. ब्रेकची चकती घासली तीही यामुळेच. अनिरुद्ध, तू इतके दिवस हिरडीला मलम लावत होतास."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बायको इतकी भारी आहे हे मला तिथे, पार्किंगमध्ये, त्या ट्यूबलाइटखाली पुन्हा नव्याने कळलं. मला फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची सवय नवऱ्याला लावून घ्यावी लागते.

शुक्रवारी मी रजा टाकून नाना पेठेत बेअरिंगच्या दुकानात गेलो. मालकांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "नमुना?" मी म्हटलं, "नमुना अजून गाडीतच आहे, मी वर्णन करतो." ते म्हणाले, "वर्णन घरी करा. इथे बेअरिंग आणा."

म्हणून दाढ उपटणं आलं. चाक निघालं, चाक ज्यावर बसतं तो हब निघाला, तात्यारावांच्या सगळ्यात लांब पान्याने मोठा नट निघाला. पूर्वा स्टूलवर बसून नुसता तळहात मागे करायची आणि तात्याराव तिच्या तळहातावर हवं ते हत्यार ठेवायचे. त्यांच्या पत्नी गॅलरीतून हे बघत होत्या आणि त्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. दांडा काढताना मी हातोडा उगारला तर पूर्वा म्हणाली, "थांब. टोकावर नट परत थोडा चढव, लाकूड ठेव आणि मग मार. आटे चेचले तर पुन्हा काही बसणार नाही." दांडा सरकत सरकत बाहेर आला. त्याबरोबर बेअरिंगच्या तोंडाशी असलेली रबराची चकती दिसली, जी पाणी आत जाऊ देत नाही. ती एका बाजूने कापली गेली होती, आणि तिच्या मुळाशी काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. पूर्वाने ॲप्रनच्या खिशातून चिमटा काढला, टोक पकडलं आणि ओढत गेली. हातभर दोरा निघाला. मळकट, पण अजून केशरी.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याला गाडीच्या मागच्या कॅरिअरला झेंडूची भलीमोठी माळ मी घातली होती, आणि ती काढायची असते हे विसरलो होतो. फुलं डोंगरात गळाली, नायलॉनचा दोरा दांड्याभोवती गुंडाळला आणि त्याने रबर कापलं. त्यावर मी दर रविवारी मोठ्या प्रेमाने, पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून, जोरदार फवारा बरोबर त्याच जागी मारत होतो, चिखल राहू नये म्हणून.

"दातात अडकलेलं काढायला लोक दोरा वापरतात," पूर्वा म्हणाली. "तू दोराच अडकवून ठेवलास."

तात्याराव मोठ्याने हसले आणि एकदम गाल धरून थांबले. पूर्वा त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "वरची उजवी दाढ ना? परवापासून डावीकडून चावताय. सोमवारी या." त्यानंतर तात्याराव हसले नाहीत.

जुनी बेअरिंग घेऊन मी पुन्हा नाना पेठेत गेलो. मालकांनी ती बोटावर फिरवली, खरखर ऐकली आणि नवी जोडी आणि रबरी चकत्या काउंटरवर ठेवल्या. तात्यारावांनी सांगितलं की बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे किंचित आक्रसेल आणि आपल्या खाचेत अलगद बसेल. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. चूक इतकीच झाली की फ्रीजर आईच्या ताब्यात आहे हे आम्ही विसरलो.

शनिवारी सकाळी फ्रीजर उघडला तर तिथे आमरसाचे डबे. माझी आई कांताबाई ओट्याशी उभी राहून म्हणाली, "अरे, ती लोखंडी चकलीपात्राची चाकं होती ना, त्यांना बोटबोट तेल होतं. झाकणं उचकटून, साबणाने स्वच्छ घासून उन्हात ठेवलीत बघ." गॅलरीत, पापडांच्या शेजारी, माझी दोन्ही बेअरिंग वाळत होती. आतलं ग्रीस पार गेलं होतं. मी एक फिरवून पाहिलं. ते देवघरातल्या घंटेसारखं वाजलं.

मी तिसऱ्यांदा नाना पेठेत गेलो. मालकांनी या वेळी मान वर केली. "काल नेलीत ना? संपली?" मी म्हटलं, "आईने घासली." त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग आत जाऊन नवी जोडी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने बांधली आणि म्हणाले, "मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. घरात सगळ्यांना दाखवूनच ठेवा."

त्या दुपारी बेअरिंग बसली. बाहेरच्या कड्यावर जुनं बेअरिंग ठेवून चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत ती आत गेली, चकत्यांच्या ओठांना पूर्वाने करंगळीने ग्रीस लावलं, आणि चाक फिरवलं तर काहीच ऐकू आलं नाही. तात्यारावांनी कान लावून पाहिलं, मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे." बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, पुण्यात याहून मोठा सन्मान नाही.

रविवारी टेम्पो आम्हाला डांबरी रस्त्याच्या टोकाशी सोडून गेला आणि आम्ही चढायला लागलो. पूर्वा मागे, तिच्या मांडीवर कवळीची पेटी. मी अख्खा डोंगर मागच्या चाकाकडे कान लावून चढलो. ओढा गेला, जिथे तिचा पाय मुरगळला ती जागा गेली. गाडी शहाण्यासारखी चालली होती. वर मांडव घातलेला दिसला तेव्हा पूर्वाने माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. मला भरून आलं.

आबा खरोखरच गोठ्यात बसले होते, नवं धोतर, नवा सदरा आणि तोंडावर टॉवेल. पूर्वाने कवळी बसवली, काढली, घासली, पुन्हा बसवली. "आता म्हणा, सहासष्ट, सदुसष्ट." आबांनी टॉवेलाआडून म्हटलं. शब्द स्वच्छ आला. "आता हसा," पूर्वा म्हणाली.

"कशापायी?" आबांनी विचारलं.

"हसताना सुटली तर मला आत्ताच दुरुस्त करायला हवी. मांडवात सुटायला नको."

आबांनी मान हलवली. "तेच तर भ्या वाटतंय बाई. हसलू आन् पडली म्हंजी? आन् हसाय काय झालंय हितं?" दीपमाला हळदीच्या साडीत दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. खालून वाजंत्री ऐकू यायला लागली, वऱ्हाड चढत होतं.

पूर्वा माझ्याकडे वळली. "अनिरुद्ध, सांग त्यांना."

"काय सांगू?"

"सगळं. दसऱ्यापासून."

आता माझीही काही प्रतिष्ठा आहे. माझ्या हाताखाली बारा इंजिनिअर काम करतात. पण दारात ती मुलगी उभी होती, म्हणून मी गोठ्यातल्या उलट्या घमेल्यावर बसलो आणि सांगितलं. माळ सांगितली, फवारा सांगितला, उरलेला वॉशर आणि मीठमोहऱ्या सांगितल्या. नोटिशीपाशी आबांचे खांदे हलायला लागले. पाइपाच्या फवाऱ्याचं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. "सोता? हातानं?" मी हो म्हटलं. मग आईने साबणाने घासलेली बेअरिंग पापडांशेजारी वाळत घातली तिथवर आलो, आणि नाना पेठेतले मालक 'संपली?' म्हणाले, आणि आबांनी मान मागे टाकली. गोठ्यातली म्हैस दचकून उठली. दोन्ही हातांनी मांड्या बडवत आबा हसत होते, टॉवेल खाली शेणात पडला होता आणि वरची आणि खालची, दोन्ही ओळी स्वच्छ दिसत होत्या. पूर्वा पुढे वाकून कवळी कुठे उचलते का ते पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दीपमाला आत आली आणि तिने आबांचे पाय धरले.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आबा माझा हात धरून मांडवात गेले, व्याह्यांच्या शेजारी बसले, आणि कुणीतरी विचारलं की हे पुण्याचे पाव्हणे कोण. तेव्हा आबांनी घसा खाकरला आणि माझी गोष्ट सांगायला घेतली. त्यांच्या सांगण्यात माझी आई दोन हात उंच झाली, नाना पेठेतल्या मालकांना मिशा आल्या, आणि मी तर होतो त्याच्या चौपट मूर्ख झालो. माणसं हातातलं काम टाकून भोवती बसत गेली. आचारी आले, वाजंत्रीवाले आले. दीपमाला हार हातात घेऊन अंतरपाटाच्या अलीकडे उभी होती आणि आबांच्या तोंडाकडे बघत होती. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, मुहूर्त टळत चालला होता, आणि एकानेही आबांना थांबा म्हटलं नाही.